रात्रपाळीची शिदोरी

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत अमेरिकेतील एका धर्मग्रामात, तेथील धर्मगुरूंच्या अनुपस्थितीत, महिनाभर सेवा करण्याची संधी आम्हांस लाभली होती. रविवारची मिस्सा आटोपल्यावर सभागृहात एकत्र कॉफी घेण्याची तेथे प्रथा आहे. अशा वेळी ऐंशीच्या घरातील एक गृहस्थ आमच्याशेजारी येऊन बसत. आयुष्यातील उमेदीची वर्षे त्यांनी एका कारखान्यात रात्रपाळी करण्यात घालवली होती. तरुणपणी खाल्लेल्या कोणत्या पदार्थाची आता आठवण होते, असे आम्ही एकदा त्यांना सहज विचारले. आईच्या हातचे एखादे पक्वान्न किंवा नाताळचा केक असे काही उत्तर येईल, अशी आमची अटकळ होती. परंतु ते म्हणाले, "कारखान्यासमोरच्या गुत्त्यात लाल दिव्याच्या लहानशा भट्टीत तापवून मिळणारे सँडविच." आणि क्षणभराने हसून पुढे म्हणाले, "खरे सांगायचे तर फादर, ते काही फारसे चांगले नसे."

त्यांच्या या दुसऱ्या वाक्याने आमची पाठ सोडली नाही. जो पदार्थ चांगला नव्हता, त्याची पन्नास वर्षांनंतर आठवण का यावी? पुढे तेथील अनेक वयस्कर मंडळींशी बोलताना याच सँडविचचा उल्लेख पुनःपुन्हा कानी आला आणि प्रत्येकाच्या मुद्रेवर तीच कातरता दिसली. तेव्हा या साध्या पदार्थाचा इतिहास धुंडाळण्याचा आम्ही निश्चय केला. त्या शोधात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दोन पोळ्यांच्या मध्ये काही घालून खाण्याची रीत अर्थातच प्राचीन आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील यहुदी धर्मशास्त्री हिल्लेल हे पास्काच्या सणात बेखमीर भाकरीत कोकराचे मांस व कडू भाजी एकत्र घेऊन खात असत, अशी परंपरा आहे. त्यांच्या स्मरणार्थ ती कृती यहुदी कुटुंबे पास्काच्या भोजनात आजही करतात. 'सँडविच' हे नाव मात्र इंग्लंडमधील चौथे अर्ल ऑफ सँडविच, जॉन माँटेग्यू यांच्यावरून आले. इतिहासकार एडवर्ड गिबन यांच्या २४ नोव्हेंबर १७६२ च्या दैनंदिनीत या पदार्थाचा या नावाने उल्लेख आढळतो. त्या काळी तो लंडनमधील उमरावांचा पदार्थ होता. खेळाचा डाव किंवा टेबलावरील काम न सोडता हातात धरून खाता यावे, एवढाच त्याचा हेतू. तो थंडच खाल्ला जाई आणि थंड असल्याबद्दल कोणाची तक्रारही नव्हती. कारण खाणाऱ्याच्या घरी चूल पेटलेलीच असे.

तक्रार सुरू झाली ती ज्यांची चूल दूर होती त्यांच्यापासून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील शहरांमध्ये रात्री काम करणारा एक नवा वर्ग उदयास आला. वृत्तपत्रांच्या छापखान्यांतील कामगार, रेल्वेचे नोकर, गिरण्यांतील रात्रपाळीचे मजूर, पोलीस, गाडीवान असे हे लोक. सायंकाळी खाणावळी बंद होत आणि त्यानंतर उघडे असत ते फक्त दारूचे गुत्ते. ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या छापखान्यातील एका कामगाराने ही अडचण ओळखली. (प्रसिद्ध कादंबरीकाराशी त्याचा नावापुरताच संबंध!) १८७२ साली त्याने नोकरी सोडली, एक घोडागाडी सजवली आणि ती रात्रीच्या वेळी तेथील एका वृत्तपत्राच्या कार्यालयासमोर उभी केली. गाडीच्या आत तो स्वतः बसे आणि खिडकीतून गिऱ्हाइकांना सँडविच, उकडलेली अंडी, पाय आणि ऊन ऊन कॉफी देई. त्याच्या पाठोपाठ असंख्य गाड्या रस्त्यावर आल्या. पुढे त्यांत शेगड्या बसल्या, सँडविच गरम होऊ लागले. अमेरिकेतील सुप्रसिद्ध 'डायनर' या छोट्या खाणावळींचे मूळ याच गाड्यांत आहे.

या गाड्यांच्या इतिहासात ख्रिस्ती समाजसेवेचेही एक पान आहे. १८९३ साली न्यूयॉर्कमध्ये एपिस्कोपल पंथीयांच्या 'चर्च टेम्परन्स सोसायटी' या दारूबंदीचा पुरस्कार करणाऱ्या संस्थेने अशा रात्रगाड्या सुरू केल्या. त्यांना 'घुबड' असे समर्पक नाव होते. कामगार गुत्त्याकडे वळतो तो केवळ दारूसाठी नव्हे, तर तेथे ऊब असते, उजेड असतो आणि पोटात काही घालायला मिळते म्हणून, हे त्या मंडळींनी ओळखले होते. दारू पिऊ नका, असे प्रवचन देऊन ते थांबले नाहीत, तर दारूवाचून ऊब कोठे मिळेल याची त्यांनी व्यवस्था केली. प्रवचनाचा ज्यांचा नित्याचा व्यवसाय आहे, त्या आम्हांस हे उदाहरण विचार करायला लावणारे वाटले.

याच्या अगदी उलट दिशेने जाणारी एक घटना तीनच वर्षांनी घडली. १८९६ साली न्यूयॉर्क राज्यात 'रेन्स कायदा' संमत झाला. रविवारी मद्यविक्रीला बंदी, परंतु ज्या हॉटेलात राहण्यासाठी किमान दहा खोल्या असतील तेथे जेवणाबरोबर मद्य देण्यास मुभा, असे त्याचे स्वरूप होते. लगोलग गुत्तेवाल्यांनी माडीवर दहा खोल्या काढल्या आणि 'जेवण' म्हणून गिऱ्हाइकापुढे सँडविच ठेवण्यास आरंभ केला. ते कोणी खावे अशी अपेक्षाच नव्हती. एकच वाळून कोळ झालेले सँडविच एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर दिवसभर फिरत असे. कायद्याचे अक्षर पाळले गेले, आशय मात्र रस्त्यावर आला. माडीवरच्या त्या खोल्यांत तर अनीतीचे अड्डे निर्माण झाले. अन्नाचा इतका अपमान इतिहासात क्वचितच झाला असेल. मद्यालयात खाण्याची काही सोय असलीच पाहिजे, असे नियम पुढे अमेरिकेच्या अनेक राज्यांत आले. जेथे स्वयंपाकघर नाही तेथे गरम खाद्य कसे द्यावे, हा प्रश्न मद्यालयांच्या मालकांपुढे वर्षानुवर्षे उभा राहिला. आमच्या वृद्ध मित्राच्या सँडविचकडे जाणारी एक वाट येथून निघते.

दुसरी वाट यंत्रांची. ९ जून १९०२ रोजी फिलाडेल्फिया शहरात हॉर्न आणि हार्डार्ट यांनी 'ऑटोमॅट' नावाची खाणावळ उघडली. भिंतीत काचेच्या दारांचे लहान लहान कप्पे असत. नाणे टाकून मूठ फिरवली की दार उघडे आणि आतील पदार्थ हाती येई. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्येही अशी खाणावळ सुरू झाली. वाढपी नाही, बक्षिशी नाही, कोणाचे तोंड पाहावे लागत नाही. लोकांना या गोष्टीचे मोठे अप्रूप वाटले. वस्तुतः भिंतीपलीकडे हाडामांसाच्या स्त्रिया उभ्या होत्या आणि रिकामे झालेले कप्पे त्याच भरत होत्या. माणूस नाहीसा झाला नव्हता, तो दिसेनासा झाला होता.

आता सँडविच दूरवर तयार करून टिकवायचे, तर आणखी दोन गोष्टी आवश्यक होत्या. पहिली, एकसारख्या जाडीचे काप. ऑटो रोहवेडर यांच्या यंत्राने कापलेला पाव ७ जुलै १९२८ रोजी मिसूरी राज्यातील चिलिकॉथी या गावात प्रथम विक्रीस आला. दुसरी गोष्ट म्हणजे वेष्टन. जाक ब्रँडनबर्गर या स्विस रसायनतज्ज्ञाने १९०८ साली सेलोफेन नावाचा पारदर्शक कागद शोधून काढला होता; परंतु त्यातून दमट हवा आत-बाहेर जाई. १९२७ मध्ये अमेरिकेत त्यावर बाष्परोधक लेप चढवण्यात यश आले आणि अन्न ताजे ठेवणारे, तरीही आतील पदार्थ दाखवणारे वेष्टन उपलब्ध झाले.

राहता राहिली ऊब. ती अवरक्त किरणांनी पुरवली. तांबड्या रंगाच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारे पण उष्णता वाहून नेणारे किरण असतात, हे विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८०० साली तापमापकाच्या साहाय्याने दाखवून दिले होते. हे हर्शेल पूर्वाश्रमी इंग्लंडमधील बाथ शहरातल्या एका प्रार्थनामंदिरात ऑर्गनवादक होते, ही माहिती आमच्या गायकवृंदाला आवडावी. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात या किरणांवर चालणाऱ्या छोट्या विद्युतभट्ट्या अमेरिकेतील मद्यालये, बोलिंगची क्रीडागृहे, पेट्रोल पंप व लहानसहान दुकाने यांत सर्वत्र दिसू लागल्या. एखाद्या मध्यवर्ती कारखान्यात सँडविच तयार होत, सेलोफेनमध्ये गुंडाळली जात आणि गाडीने ठिकठिकाणी पोहोचत. 'स्टुअर्ट' हे त्यांतील एक सर्वपरिचित नाव. त्यांचे 'चकवॅगन' नावाचे सँडविच कित्येकांच्या स्मरणात घर करून आहे. गिऱ्हाइकाने मागणी केली की मालक ते वेष्टनासकट भट्टीत ठेवी. लाल प्रकाश पडे, चीज वितळू लागे, पावाचा पृष्ठभाग किंचित कुरकुरीत होई, आणि काही मिनिटांनी चटके देणारी पुडी हाती येई.

ती काही मिनिटे महत्त्वाची होती. आमच्या वृद्ध मित्राने सांगितले की, त्याच अवधीत मद्यालयाचा मालक विचारी, "आज पाळी कशी गेली?" घरी परतल्यावर बायको कामावर निघालेली असे, मुले शाळेत गेलेली असत. दिवसभरात त्यांना कोणी प्रश्न विचारला असेल तर तो तेवढाच.

येथे गरम सँडविचच्या इतिहासातील एका घटनेचा उल्लेख करणे क्रमप्राप्त आहे, कारण तिचा संबंध आपल्या धर्माचरणाशी येतो. त्या काळी कॅथलिक ख्रिस्ती लोक वर्षभर प्रत्येक शुक्रवारी मांस वर्ज्य करीत. सिनसिनाटी शहरातील कॅथलिक वस्तीत मॅकडोनाल्ड्सची शाखा चालवणारे लू ग्रोएन यांची शुक्रवारची विक्री त्यामुळे जवळजवळ बंद पडे. त्यांनी तळलेल्या माशाचे सँडविच तयार केले. कंपनीचे प्रमुख रे क्रॉक यांचा आग्रह मात्र अननसाची चकती घातलेल्या स्वतःच्या कल्पनेसाठी होता. १९६२ च्या उत्तम शुक्रवारी दोहोंची कसोटी लागली. ग्रोएन यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार माशाची ३५० सँडविच विकली गेली आणि अननसाची सहा! पुढे ते सँडविच जगभर गेले. पोप सहावे पॉल यांनी १९६६ मध्ये प्रायश्चित्ताचे नियम शिथिल केले, तरी प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी अमेरिकेत त्याची मागणी अजूनही वाढते. या कथेचे सार आम्हांस असे वाटते की, आपल्या दारासमोरून जाणारी माणसे शुक्रवारी काय खात नाहीत हे ग्रोएन यांना ठाऊक होते. शेजाऱ्याची ओळख असल्याखेरीज असा पदार्थ सुचत नाही.

परंतु तोपर्यंत एक वेगळे यंत्र दाराशी येऊन ठेपले होते. त्याचे जनक पर्सी स्पेन्सर यांची जीवनकथा मोठी उद्बोधक आहे. बालपणीच पोरके झालेले हे गृहस्थ शाळा अर्धवट सोडून कामाला लागले आणि नौदलात असताना रात्रीच्या पहाऱ्यावर पाठ्यपुस्तके वाचून स्वतःच शिकले. महायुद्धात रडारसाठी लागणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या उपकरणांवर रेथिऑन कंपनीत काम करीत असताना आपल्या खिशातील मिठाई वितळल्याचे त्यांच्या ध्यानी आले, असे सांगतात. ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांनी या शोधाच्या एकस्वासाठी अर्ज केला. १९४७ मध्ये बाजारात आलेले पहिले मायक्रोवेव्ह यंत्र माणसाच्या उंचीचे आणि सुमारे ३४० किलो वजनाचे होते. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावर नाणे टाकताच हॉट डॉग गरम करून देणारे यंत्रही उभे राहिले. पुढे १९६७ मध्ये अमाना कंपनीने ४९५ डॉलर किमतीचे, ओट्यावर मावणारे यंत्र आणले आणि हळूहळू ते दुकानांत, कचेऱ्यांत, घरांत सर्वत्र पोहोचले.

दरम्यान दुकानांचे स्वरूपही पालटत होते. १९२७ साली टेक्सासमधील डॅलस येथे बर्फ विकणाऱ्या एका कंपनीच्या फलाटावर दूध, अंडी व पाव ठेवण्यास सुरुवात झाली. सकाळी सात ते रात्री अकरा उघडे राहत म्हणून १९४६ मध्ये त्या दुकानांना 'सेव्हन-इलेव्हन' हे नाव मिळाले. १९६३ मध्ये ऑस्टिन येथील विद्यापीठाजवळील एका शाखेत फुटबॉलच्या सामन्यानंतर इतकी गर्दी लोटली की रात्रभर दुकान बंदच करता आले नाही. तेव्हापासून चोवीस तास दुकान उघडे ठेवण्याची प्रथा रूढ झाली. रात्री खायला मिळत नाही ही वॉल्टर स्कॉटची जुनी अडचण येथे संपली. गिऱ्हाइकाने कपाटातून पाकीट घ्यावे, स्वतःच यंत्रात ठेवावे, कळ दाबावी, आणि घंटी वाजली की निघून जावे.

चवीचा विचार केला तर मात्र हे पाऊल मागे पडले. दिव्याची किंवा तव्याची उष्णता बाहेरून येते. ती पावाच्या पृष्ठभागावरील ओलावा उडवते आणि त्याला तांबूस रंग व खमंग वास देते. मायक्रोवेव्हच्या लहरी पदार्थातील पाण्याला चेतवतात. त्याची वाफ बाहेर येताना पावाचा पृष्ठभाग ओलसर करते. तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या फारसे वर जात नसल्याने रंग येत नाही आणि थंड होताच पिठूळ द्रव्य घट्ट होऊन पाव चामड्यासारखा चिवट होतो. १९८३ मध्ये इराणहून आलेल्या पॉल व डेव्हिड मेराज या बंधूंनी 'हॉट पॉकेट्स' बाजारात आणले. त्यांच्या वेष्टनातील धातूचा पातळ थर लहरींनी तापे आणि पावाला काहीसा कुरकुरीतपणा देई. २००२ मध्ये नेस्ले कंपनीने हा व्यवसाय २६० कोटी डॉलरना विकत घेतला. तव्यावर फुकट मिळणारा कुरकुरीतपणा किती मोलाचा असतो, याचा हा एक व्यावहारिक हिशेब म्हणता येईल!

९ एप्रिल १९९१ रोजी न्यूयॉर्कमधील अखेरचे ऑटोमॅट बंद झाले. तेथे कधी फारसे न गेलेलेही त्या बातमीने हळहळले. लाल दिव्याच्या भट्ट्या तर कोणतीही बातमी न होता अडगळीत गेल्या.

मग आमच्या वृद्ध मित्रासारखी माणसे नेमकी कशासाठी झुरतात? या इतिहासाकडे एकत्रितपणे पाहिले असता आम्हांस असे दिसते की, गरम सँडविच हा प्रारंभापासून घराबाहेर पडलेल्या माणसाचा आहार आहे. ज्याची जेवणाची वेळ कामाने हिरावून घेतली, त्याच्यासाठी तो जन्मास आला. प्रत्येक नव्या यंत्राने त्याला अन्न अधिक सुलभ करून दिले आणि प्रत्येक वेळी ते अन्न गरम करून देणारा माणूस एक पाऊल दूर गेला. प्रथम गाडीच्या खिडकीत त्याचा चेहरा होता. मग तो कधी भिंतीआड गेला, तर कधी गल्ल्याच्या पलीकडे उरला. अखेरीस केवळ एक घंटी शिल्लक राहिली. सोय आली आणि सोबत गेली. सँडविच चांगले नव्हते हे त्या गृहस्थांना पक्के ठाऊक आहे. त्यांना आठवते ती विचारपूस.

तथापि गतकाळाचे गुणगान करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ती ऊब सर्वांसाठी नव्हती. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानातील खाण्याच्या गल्ल्यावर जाऊन बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. त्याच दुकानात त्यांना वही-पेन्सिल विकत मिळे. मात्र त्या गल्ल्यावर बसून खाण्यास त्यांना मनाई होती. ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, पाहता पाहता अनेक शहरांत हे आंदोलन पसरले आणि २५ जुलै १९६० रोजी तो गल्ला सर्वांना खुला झाला. यंत्र भेदभाव करीत नाही. नाणे कोणाच्या हातातील आहे हे ते पाहत नाही. ज्यांना माणसांनी हाकलले, त्यांना चेहरा नसलेले यंत्र अधिक दयाळू वाटले असल्यास नवल नाही. म्हणून 'जुने ते सोने' असे सरसकट म्हणण्यापूर्वी, त्या जुन्या गल्ल्यावर कोणाला बसू दिले जात होते, हा प्रश्न विचारणे आपले कर्तव्य ठरते.

हा विचार करीत असताना आमचे मन साहजिकच स्वदेशी परतले. आपला 'पाव' हा शब्दच पोर्तुगिजांकडून आलेला. त्या पावाला मुंबईने आपल्या पद्धतीने ऊब दिली. हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, काकडी, टोमॅटो, बीट आणि कांदा यांचे थर दोन कापांत रचून, लांब दांड्यांच्या धातूच्या साच्यात दाबून कोळशाच्या शेगडीवर भाजलेले टोस्ट सँडविच हे आपल्याकडील कचेरीच्या, महाविद्यालयाच्या आणि स्थानकाच्या वाटेवरील अन्न. ते अजूनही माणूसच भाजतो आणि गिऱ्हाइकाला तिखट किती चालते हे त्याला ठाऊक असते. वाऱ्याची दिशा मात्र येथेही कळते. ऑक्टोबर २०२१ मध्ये सेव्हन-इलेव्हनचे भारतातील पहिले दुकान मुंबईत अंधेरी येथे उघडले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश दिला. जुनी चव जाईल म्हणून पुष्कळांना हळहळ वाटली. आम्हांसही वाटली. परंतु त्या भट्टीसमोर पहाटेपर्यंत उभे राहणाऱ्याच्या फुप्फुसांचा विचार आम्ही त्यापूर्वी कितीदा केला होता? ज्या आठवणीत चूल फुंकणाऱ्याला जागा नाही, ती आठवण अपुरी आहे.

आमचे वडील वसईहून मध्यरात्रीनंतरच्या गाडीने भाजी व केळी घेऊन दादरच्या बाजारात जात. माल बऱ्या भावाने खपला की परतताना एखादे टोस्ट सँडविच वर्तमानपत्राच्या कागदात बांधून आणीत. घरी पोहोचेपर्यंत ते थंडगार झालेले असे आणि चटणीने पाव भिजून जाई. आई ते तव्यावर ठेवी, वरून ताटलीने दाबी आणि आम्हां पाच भावंडांना एकेक तुकडा देई. वडिलांनी स्वतः बाजारात गरम सँडविच कधी खाल्ले की नाही, हे आम्ही त्यांच्या हयातीत विचारले नाही. आता विचारायला ते नाहीत. अमेरिकेतील त्या गृहस्थांचे बोलणे आमच्या इतके जिव्हारी का लागले, याचे कारण बहुधा हेच असावे. त्यांना कोणीतरी "पाळी कशी गेली?" असे विचारीत होते. आमच्या घरी रात्रपाळी करून येणाऱ्या माणसाला आम्ही फक्त "काय आणलंत?" असे विचारीत होतो.

आज आपल्या धर्मग्रामांतही रात्रपाळीची माणसे थोडी नाहीत. रुग्णालयातील परिचारिका, विमानतळावरील कर्मचारी, रात्री परदेशी ग्राहकांशी बोलणारी तरुण मुले, दुचाकीवरून इतरांचे गरम जेवण घरोघर पोहोचवणारे युवक. त्यांची मिस्सा चुकते, कुटुंबाची सायंप्रार्थना चुकते आणि त्यांच्याकडे आपले लक्ष जाते ते बहुधा गैरहजेरीची नोंद घेण्यापुरतेच. दुसरीकडे मुले कॅनडात व आखातात असलेले वृद्ध आईबाप आहेत. फ्रिजमधला डबा यंत्रात ठेवून ते एकटेच घंटीची वाट पाहतात. यंत्र वाईट नाही. ते नसते तर अन्न थंडच खावे लागले असते. उणीव आहे ती यंत्रातून निघालेल्या ताटासमोर बसणाऱ्या दुसऱ्या माणसाची.

योहानकृत शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात रात्रपाळीवरून परतणाऱ्या माणसांचीच हकीकत आहे. रात्रभर जाळी टाकून थकलेले शिष्य पहाटे किनाऱ्याला लागतात, तो तेथे कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी ठेवलेली आणि जवळ भाकर. पुनरुत्थित प्रभूने ती स्वतः तयार ठेवलेली असते आणि तो त्यांना न्याहारीला बोलावतो. हा उतारा आम्ही अनेक वर्षे वेदीवरून वाचीत आलो आहोत. विस्तव कोणीतरी आधी पेटवून ठेवावा लागतो, हे त्यातील साधे सत्य मात्र आम्हांस एका परक्या देशातील गुत्त्याच्या सँडविचने उमजले.

आमची वाचकांना विनंती एवढीच आहे. उद्या सकाळी आपल्या घरी किंवा शेजारी कोणी रात्रपाळी करून परतले, तर चहा ठेवताना त्यांना एवढे विचारावे : पाळी कशी गेली?